समुद्र पाहिला, शहर राहिले

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की कोल्हापुरातून आंबा घाटाच्या दिशेने मोटारींची रांग सुरू होते. मलकापूर मागे पडते, घाटमाथ्यावर चहा होतो, साखरपा आणि पालीची वळणे संपून हातखंबा येतो आणि तेथून बहुतेक वाहने निवळीमार्गे गणपतीपुळ्याकडे वळतात. श्रींचे दर्शन, समुद्रस्नान, उकडीचे मोदक, आंब्याच्या पेट्या असा कार्यक्रम यथासांग पार पडतो. परतीच्या वाटेवर वेळ उरलाच तर कोणीतरी म्हणते, ‘चला, रत्नागिरीही करून घेऊ.’ मग थिबा राजवाड्यासमोर एक छायाचित्र, टिळकांच्या जन्मस्थानी पाच मिनिटे, भगवती किल्ल्यावर वारा, मांडवीच्या धक्क्यावर भेळ. दोन-तीन तासांत रत्नागिरी ‘होते’.

‘करून घेणे’ हा आपल्या बोलण्यातला शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. दाढी करून घ्यावी, कागदपत्रांच्या प्रती करून घ्याव्यात, त्याच चालीवर शहरही करून घ्यावे! कोल्हापुरातून निघणाऱ्या सहलींची पत्रके पाहिली तर या वृत्तीचे छापील रूपच दिसेल. स्थळांची यादी, प्रत्येकापुढे मिनिटांचा हिशेब. त्या यादीत किल्ला असतो, राजवाडा असतो, मंदिर असते. शहर मात्र कुठेच नसते. कोल्हापूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर असलेले, आपल्याशी शतकानुशतकांचे नाते सांगणारे एक बंदराचे शहर आपण पुन्हा पुन्हा जाऊनही पाहिलेले नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे. आणि हे न पाहणे निरुपद्रवी नाही, हेही.

आपल्यावरून जग ओळखावे

हा आक्षेप कोणाला कठोर वाटेल. त्यांनी क्षणभर उलट बाजूने विचार करावा. परगावचे पाहुणे कोल्हापुरात येतात, अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळ्यावर चक्कर मारतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, चपलांचा जोड घेतात आणि ‘कोल्हापूर पाहिले’ असे सांगत परत जातात. तेव्हा आपल्याला काय वाटते? शिवाजी पेठेच्या तालमीच्या तांबड्या मातीचा वास ज्याने घेतला नाही, गंगावेशीत पहाटे म्हशीचे धारोष्ण दूध ज्याने पाहिले नाही, बाजारात गुळाच्या रव्यांचा सौदा ज्याने ऐकला नाही, त्याने कोल्हापूर पाहिले असे आपण मान्य करू का? आपले शहर पेठांत राहते हे आपल्याला ठाऊक आहे. तसेच रत्नागिरी आळ्यांत आणि वाड्यांत राहते. टिळक आळी, राम आळी, वरची आळी, खालची आळी, मांडवी, झाडगाव, राजिवडा, मिरकरवाडा, मिऱ्या ही त्या शहराची खरी नावे होत. ग्रामदैवत श्री देव भैरीला ‘बारा वाड्यांचा देव’ म्हणतात ते उगीच नव्हे. शिमग्यात त्याची पालखी निघते तेव्हा शहर म्हणजे या वाड्यांची एकत्र आलेली माणसे, ही व्याख्या सर्वांच्या डोळ्यांसमोर साकार होते.

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी नगराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. म्हणजे आकाराने ते कोल्हापूरच्या काही पेठांएवढेच. पण बंदराच्या शहराचे मोजमाप लोकसंख्येने करायचे नसते. त्याच्या धक्क्यावर कोण उतरले, तेथून कोण निघाले आणि उतरलेल्यांना शहराने कसे सामावून घेतले, यावर त्याची थोरवी ठरते.

मागच्या दाराने शिरणारे पाहुणे

रत्नागिरी आपल्याला दिसत नाही याचे एक साधे भौगोलिक कारण आहे. आपण त्या घरात मागच्या दाराने शिरतो. बंदराच्या शहराचा दर्शनी दरवाजा समुद्राकडे असतो. मुंबईहून येणारी आगबोट मांडवीसमोर खोल पाण्यात उभी राही, उतारू होडीत उतरत आणि होडी त्यांना किनाऱ्यास लावी. शहराची पहिली ओळख व्हायची ती माडांची रांग, धक्क्यावरचा गलबला आणि उजव्या-डाव्या हातांस पसरलेल्या वाड्यांमधून. त्यामागे बाजार, त्यामागे आळ्या, त्याच्याही वर सड्यावरची कचेरी आणि बंगले. शहर पायरी-पायरीने उलगडत जाई.

आज मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्यावरून जातो, तो जुन्या वस्तीपासून दूर. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तिचेही स्थानक शहराबाहेरच. आगबोटी बंद झाल्याला तर एक पिढी उलटून गेली. शहराचे तोंड समुद्राकडून डोंगराकडे वळले आणि जो दर्शनी दरवाजा होता तो परसदार झाला. वाहनतळावर उतरणाऱ्या पाहुण्याला प्रथम दिसतात त्या जाहिरातींच्या पाट्या आणि नव्या इमारती. हे कोणत्याही शहरासारखेच शहर आहे, असे त्याचे मत होते आणि तो समुद्राचा रस्ता विचारतो.

कोल्हापूरकरांनी तर ही गोष्ट विशेष सहानुभूतीने समजून घ्यावी, कारण आपलेही तोंड असेच वळले आहे. कोल्हापूर राज्याला एके काळी स्वतःचा समुद्र होता. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १८१२ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. त्यानंतरही घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून आणि पुढे बैलगाड्यांतून कोकणच्या बंदरांत उतरत होता. मीठ, सुके मासे, नारळ, सुपारी वर येत होती. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि आपला व्यापार पुण्या-मुंबईच्या लोहमार्गाला जुंपला गेला. घाट उतरण्याची गरज संपली; उरली ती सहलीची हौस. ज्या वाटेने आपले पूर्वज व्यवहारासाठी जात, तिच्यावरून आपण केवळ वाळूत खेळायला जातो. नात्याचा हा संकोच ध्यानात घेतला, तर रत्नागिरी पाहण्याची पद्धत आपोआप सुचते. गाडी थेट मांडवीला न्यावी, तिच्याकडे पाठ फिरवावी आणि समुद्राकडून शहराकडे पायी चालू लागावे.

धक्क्यापासून आळीपर्यंत

मांडवीच्या धक्क्यावर उभे राहिले की एका बाजूस काजळी नदीचे मुख आणि पलीकडे भाट्येचा किनारा, दुसऱ्या बाजूस समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग. या बाजूची वाळू काळी, म्हणून हा काळा समुद्र. किल्ल्याच्या पलीकडे मिऱ्याच्या अंगाला तो पांढरा समुद्र. एकाच शहराला दोन रंगांचे किनारे निसर्गाने दिले. स्थानिक मंडळी धक्क्याला कौतुकाने ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात. या नावातली हौस बाजूला ठेवली तरी त्यात एक सत्य आहे. हे खरोखरच प्रवेशद्वार होते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत राबलेल्या कोकणी माणसांच्या पिढ्या याच आणि अशाच धक्क्यांवरून गेल्या. ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ अशी या प्रदेशाची जी ओळख झाली तिचा आरंभ होडीत पाय ठेवण्यापासून होत असे. भेळ खाताना हे आठवण्यास पैसे पडत नाहीत.

मांडवीवरून आत शिरले की बाजार आणि आळ्या सुरू होतात. जांभ्या दगडाचे चौथरे, उतरत्या कौलांची घरे, पडवी, मागे विहीर आणि माड-पोफळी अशी ही रचना पावसाशी शतकानुशतके बोलून ठरलेली आहे. टिळक आळीतले ते घर याच रचनेतले. २३ जुलै १८५६ रोजी येथे लोकमान्यांचा जन्म झाला आणि वडिलांची बदली झाल्याने १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास जाईपर्यंत त्यांचे बालपण याच गावात गेले. आपण तेथे जातो, प्रतिमेस वंदन करतो, निघतो. पण त्या घराचा अर्थ आळीत आहे. शाळामास्तराचे मध्यमवर्गीय घर, हाकेच्या अंतरावर बाजार, त्यापलीकडे बंदर आणि बंदरावर उतरणारी इंग्रजी सत्ता. या परिसरात वाढलेल्या मुलाला जग किती मोठे आहे आणि आपण कोणाच्या ताब्यात आहोत, या दोन्ही गोष्टी लवकर समजल्या असतील, असे तेथे चालताना मनात आल्यावाचून राहत नाही. याच शहरात १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे. महाराष्ट्रातील अगदी जुन्या ग्रंथालयांपैकी ते एक. टिळकांच्या जन्माआधी २८ वर्षे या गावात वाचनालय होते! आपल्या सहलीच्या पत्रकांत त्याचे नाव मला कधी आढळलेले नाही.

मिरकरवाड्याची पहाट

आता एका अवघड वाटणाऱ्या वस्तीकडे. मांडवी आणि किल्ला यांच्यामधला मिरकरवाडा हे मासेमारीचे मोठे बंदर. आपल्याकडील अनेक कुटुंबे नाकाला रुमाल लावून तेथून गाडी पुढे काढतात. शाकाहाराचे कारण असते, कोणाला वासाचे, तर कोणाला वस्ती मुसलमान मच्छीमारांची असल्याचे अवघडलेपण. त्या सर्वांना माझे सांगणे एवढेच, की ज्या धंद्यावर शहराचे पोट चालते तो न पाहता शहर समजत नाही. पहाटे बोटी लागतात. टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, बांगडा, सुरमई, पापलेट, म्हाकूल यांचे ढीग लागतात आणि लिलावाचा पुकारा सुरू होतो. तांडेल, खलाशी, बर्फवाला, डिझेलवाला, जाळी सांधणारा, टेम्पोवाला, मासळी निवडणाऱ्या बायका अशी ही साखळी. त्यांतले काही टेम्पो घाट चढून कोल्हापूर-सांगलीच्या बाजारांत येतात. दुपारच्या आपल्या ताटापर्यंत येणारी ही वाट आपण कधी उलटी चालून पाहिलेली नसते.

या धंद्यात हिंदू खारवी आहेत, भंडारी आहेत, कोकणी मुसलमान आहेत आणि अलीकडे बोटींवर नेपाळहून आलेले खलाशीही मोठ्या संख्येने आहेत. आंब्याच्या बागांची राखण करणारेही पुष्कळदा नेपाळीच. बंदराचे शहर नेहमीच दूरच्या माणसाला कामाला लावते, हा नियम रत्नागिरीने मोडलेला नाही. याच बंदरात मोठ्या यांत्रिक पर्ससीन जाळ्यांचा आणि पारंपरिक मच्छीमारांच्या पोटाचा झगडा वर्षानुवर्षे चालला आहे. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी तो पूर्णपणे शमलेला नाही. समुद्र सर्वांचा आहे. पण त्यातून कोणी किती उपसावे, हा प्रश्न किनाऱ्यावर उभे राहिल्यावरच खरा वाटू लागतो. ज्यांना मासळीबाजाराचे वावडे आहे त्यांच्यासाठी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे.

मिरकरवाड्यावरून वर पाहिले की रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला. बालेकिल्ल्यावर भगवतीचे मंदिर, एका टोकावर दीपगृह, पायथ्याशी भागेश्वराचे देऊळ. तटावरून खाली पाहिले म्हणजे किल्ला आणि बंदर यांचे नाते कळते. एक राखणारा, दुसरा मिळवणारा. बंदर न पाहता नुसता किल्ला पाहणे म्हणजे पहारेकऱ्याला भेटून घरच्या माणसांना न भेटता परतणे होय.

दोन बंदिवान

या खुल्या बंदराच्या इतिहासात एक विलक्षण विरोधाभास आहे. इंग्रजांनी ते माणसे कोंडण्यासाठी वापरले. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला १८८५ साली पदच्युत करून, मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. रत्नागिरीच का? येथे रेल्वे नव्हती, मागे सह्याद्रीची भिंत होती आणि पावसाळ्याचे चार महिने आगबोटीही येत नसत. आठ महिने जगाशी बोलणारे आणि चार महिने मौन पाळणारे गाव राजबंद्यासाठी सरकारला सोयीचे वाटले. राजाला प्रथम भाड्याच्या बंगल्यांत ठेवले. राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. अर्धगोलाकार लाकडी खिडक्यांचा तो तांबडा वाडा खाडीकडे आणि समुद्राकडे पाहत उभा आहे. त्यात राजा जेमतेम सहा वर्षे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले.

राजवाडा सारे पाहतात. त्याची समाधी थोडेच पाहतात. शिवाजीनगरच्या वस्तीत ती उभी आहे. १८५७ नंतर अखेरच्या मोगल बादशहाला इंग्रजांनी रंगूनला धाडले आणि तेथेच तो वारला. पुढे ब्रह्मी राजाला कोकणात आणले. रंगूनमधली बादशहाची कबर भारतीय पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. रत्नागिरीतल्या समाधीचे दर्शन घेण्यास २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले, तेव्हा पुष्कळ स्थानिकांनाही या समाधीचे मोल नव्याने कळले असावे. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीने हे रत्नागिरी जगभरच्या वाचकांपर्यंत नेले. आपण मात्र राजवाड्याच्या हिरवळीवर डबे उघडतो.

दुसरे बंदिवान अर्थातच स्वातंत्र्यवीर सावरकर. अंदमानातून आणल्यावर त्यांना काही काळ येथील कारागृहात ठेवले होते. ती कोठडी आजही दाखवली जाते. जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. १९१० साली मार्सेलिसच्या बंदरात ज्याने बोटीतून उडी घेतली, त्याला तेरा वर्षे दुसऱ्या एका बंदरात बांधून ठेवण्यात आले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

मंदिर आणि त्यामागची पायपीट

आपल्या विचाराची मंडळी रत्नागिरीस जातात तेव्हा पतितपावन मंदिरात जातात, हे योग्यच आहे. दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्याने उभ्या राहिलेल्या या मंदिराचे दरवाजे २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींच्या हिंदूंना उघडले गेले. भागोजीशेठ हे याच शहरातल्या गरीब भंडारी कुटुंबातले. मुंबईत जाऊन मोठे कंत्राटदार झाले आणि मिळवलेले धन गावाकडे वळवले. किल्ल्याच्या पायथ्याचे भागेश्वर मंदिरही त्यांचेच. बंदरावरून गेलेला मुलगा काय घेऊन परत येऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण.

परंतु मंदिरात हात जोडून परतणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे मंदिर उभे राहण्यापूर्वी काय काय घडले, ते आपण पाहिले का? १९२९ साली येथील विठ्ठल मंदिर अस्पृश्य बांधवांना खुले करण्यासाठी चाललेला वाद, शाळांत मुलांना सरमिसळ बसवण्याचा आग्रह, दसरा-संक्रांतीला सर्व जातींची मंडळी बरोबर घेऊन घरोघर जाणे, सहभोजने, १९३३ चे अखिल हिंदू उपहारगृह. यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या आळीत, वाडीत, उंबरठ्यावर घडली. स्थानबद्ध माणसाला जिल्ह्याबाहेर फारसे जाता येत नव्हते. म्हणून तो शहराच्या आत, खोल गेला. मंदिर हा त्या पायपिटीचा कळस. पाया वस्त्यांत आहे. कळस पाहून पायाकडे पाठ फिरवणे हे कार्यकर्त्याला शोभणारे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या गावातून जाणाऱ्यांना तर हे अधिक उमगायला हवे. १९०२ साली जेथे मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या, १९२० साली ज्या संस्थानच्या हद्दीत माणगावची परिषद भरली, त्या भूमीची आणि घाटाखालच्या या शहराची एकमेकांशी ओळख अशी वरवरची राहावी, हे योग्य नाही.

पाहिले नाही, तर राहणार नाही

येथे कोणी म्हणेल, की पर्यटक दोन तास थांबला काय आणि दोन दिवस थांबला काय, शहराचे काय बिघडते? बिघडते ते असे. जे पाहिले जाते त्यावर पैसा खर्च होतो. यादीतल्या स्थळांना रोषणाई मिळते, कमानी मिळतात, वाहनतळ मिळतात. यादीत नसलेली जांभ्याची घरे एकेक करून पाडली जातात आणि त्यांच्या जागी पावसात बुरशी धरणारे सिमेंटचे चौकोन येतात. मालकाला दोष देता येत नाही. कौले शाकारायला माणूस मिळत नाही, मुले मुंबई-पुण्यात आहेत आणि घराचे कौतुक करणारा कोणी दारात येत नाही. ज्या आळीतून रोज दहा पाहुणे चालत गेले असते, तिच्यातल्या एखाद्या तरी घराने पडवीत खाणावळ घातली असती, दोन खोल्या मुक्कामाला दिल्या असत्या आणि छप्पर राखले असते.

यादीची ही आंधळी भूक कोठवर जाते याचा एक नमुना अलीकडचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकले आणि पुढे काही वर्षे तेथेच गंजत राहिले. ते पाहायला, त्याच्यासमोर छायाचित्र काढायला गर्दी होऊ लागली. याच मिऱ्याच्या किनाऱ्याची समुद्राने चालवलेली धूप ही तेथल्या रहिवाशांची कित्येक वर्षांची चिंता. दगडी बंधारे घातले जातात, लाटा ते ढिले करतात, पुन्हा घालावे लागतात. जहाज पाहायला आलेल्यांतल्या कितीजणांनी मागे वळून, त्या बंधाऱ्याआड जीव मुठीत धरून राहणारी घरे पाहिली असतील? अडकलेले जहाज प्रेक्षणीय झाले आणि अडकलेली माणसे दिसेनाशी झाली!

आता मिऱ्या-नागपूर राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण चालू आहे. रस्ता पूर्ण झाला, की कोल्हापूरहून सकाळी निघून रात्री घरी परतणे आणखी सोपे होईल. व्यापाराच्या, रुग्णांच्या, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. पण आपली सवय बदलली नाही, तर तोच रस्ता रत्नागिरीला दोन तासांवरून एका तासावर आणेल. गर्दी वाढेल, कचरा वाढेल, मुक्काम घटेल. मोठी जहाजे तर कधीचीच शहर सोडून उत्तरेला जयगडच्या खोल पाण्यात गेली. व्यापारी बंदर गेले, उतारू बंदर गेले; मासेमारीचे बंदर आणि आळ्या एवढेच आता या शहराच्या बंदरपणाचे शिल्लक आहे.

दुसऱ्यांनी हे कसे सांभाळले ते पाहण्यासारखे आहे. ज्या मार्सेलिसचे नाव आपल्याला केवळ त्या उडीमुळे ठाऊक आहे, तेथील जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी मासळीबाजार भरतो आणि परदेशी पाहुणे तो मुद्दाम पाहायला जातात. कोणी नाक मुरडत नाही. आपल्याच देशात कोचीला जुन्या फोर्ट कोची-मट्टनचेरी भागात लोक वस्त्या-वस्त्यांतून पायी फिरतात. चिनी जाळी, यहुद्यांची पेठ, गुजराती व्यापाऱ्यांची गल्ली आणि पोर्तुगीज जाचाने गोवा सोडलेल्या आपल्या कोकणी बांधवांचे तिरुमल देवस्थान, असे सारे एका सकाळच्या चालण्यात भेटते. रत्नागिरीकडे याहून कमी काय आहे? एक ब्रह्मी राजा, एक लोकमान्य, एक स्वातंत्र्यवीर, दोन रंगांचे किनारे आणि बारा वाड्यांचा देव. उणीव आहे ती चालणाऱ्यांची.

घरापासून सुरुवात

उपाय मोठे खर्चिक नाहीत. रत्नागिरीच्या नगरपालिकेने आणि तेथील सुजाण नागरिकांनी मांडवीच्या धक्क्यापासून पतितपावन मंदिरापर्यंत आणि पुढे थिबाच्या समाधीपर्यंत पायी चालण्याचा मार्ग आखावा, आळीआळीत मराठीतून चार ओळींची पाटी लावावी, जुन्या घरांच्या दुरुस्तीस घरपट्टीत सवलत द्यावी. गावातले निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन मुले वाटाड्याचे काम आनंदाने करतील. मिरकरवाड्यात पाहुण्यांना उभे राहण्यापुरती स्वच्छ जागा करावी. तिचा पहिला लाभ तेथे राबणाऱ्या बायकांनाच होईल.

आपल्या बाजूचे काम तर आणखी सोपे आहे. आपल्या शाळांच्या सहलींत आणि शाखांच्या कौटुंबिक सहलींत रत्नागिरीचा किमान एक मुक्काम धरावा. पहिल्या संध्याकाळी मांडवीवरून आळ्यांत चालावे, रात्री तिथल्याच एखाद्या घरगुती खाणावळीत जेवावे. पहाटे बंदरावर जावे, मग किल्ला चढावा. दुपारी नगर वाचनालय आणि टिळकांचे घर, संध्याकाळी राजवाडा आणि त्याहून आधी समाधी. पतितपावन मंदिरात जाण्यापूर्वी विठ्ठल मंदिरात जावे, म्हणजे क्रम नीट लागेल. बरोबरच्या मुलांना आधी काही सांगू नये, विचारू द्यावे. ब्रह्मदेशचा राजा इथे कसा, वाळू काळी का, नेपाळी माणूस समुद्रावर काय करतो, देवळात जायला माणसांना कोणी आणि का अडवले होते, हे प्रश्न ती आपण होऊन विचारतील. उत्तरे देताना आपलीही उजळणी होईल.

गणपतीपुळ्याचा गणपती आपल्याला एक दिवस उशिरा आलात म्हणून रागावणार नाही. राम आळीतली कौले आणि मिऱ्याचा बंधारा मात्र आपली किती वाट पाहतील, याची खात्री देता येत नाही.